माहिती मागणाऱ्याचा अधिकार किती?

पेढीची कीर्द-खतावणी परक्याच्या हाती द्यायची नसते, हे व्यापारी घरातल्या मुलाला गल्ल्यावर बसण्याआधीच उमगते. झाकली मूठ सव्वा लाखाची, हा तर बाजारपेठेचा मूलमंत्र. तीच घरे आधारकार्डाची छायाप्रत मात्र सिमकार्डाच्या दुकानात, लॉजच्या टेबलावर आणि कुरिअरवाल्याच्या मोबाइलमध्ये निःशंकपणे ठेवून येतात.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निर्णय दिला. त्यानंतर २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात आधार योजना बहुमताने वैध ठरली. पॅनशी जोडणी कायम राहिली. परंतु बँक खाते व मोबाइल क्रमांकाशी सक्तीची जोडणी रद्द झाली. २०१९ च्या दुरुस्तीने बँका व दूरसंचार कंपन्यांना ग्राहकाच्या स्वेच्छेने आधार वापरता येऊ लागला. ओळख पटवावी लागतेच. आधारनेच पटवली पाहिजे असे नाही. पारपत्र किंवा वाहन परवानाही चालतो. आधारच द्यायचे ठरले, तर केवळ शेवटचे चार अंक दाखवणारी प्रत प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून घेता येते. बोटांच्या ठशांना कुलूप लावण्याची सोयही तेथेच आहे. ही सोय विनामूल्य असूनही फारच थोडे लोक वापरतात, हे नवलच.

सरकारी मागणीचा प्रकार निराळा. तेथे नकार हा उपाय नव्हे. मागणारा खरा आहे की नाही, याची खातरजमा हा उपाय. आयकर खात्याच्या पत्रांवर १ ऑक्टोबर २०१९ पासून, काही अपवाद वगळता, दस्तऐवज ओळख क्रमांक असतो. तो खात्याच्या संकेतस्थळावर लॉगिन न करताही पडताळता येतो. केंद्रीय जीएसटी अधिकाऱ्यांच्या पत्रांसाठीही अशीच व्यवस्था आहे. दूरध्वनीवर दरडावून ओटीपी किंवा बँकेचा तपशील मागणारा ‘अधिकारी’ या कसोटीला कधीच उतरत नाही. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट भारतीय कायद्यात नाही. तरीही वयोवृद्ध मंडळी त्या धाकाला बळी पडतात. घरच्यांना सांगायची लाज वाटते, म्हणून अधिकच.

आता गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने पाहू. बिलासाठी मोबाइल क्रमांकाचा आग्रह धरू नये, अशी सूचना केंद्रीय ग्राहक व्यवहार मंत्रालयाने मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना केली. दोन लाखांहून मोठ्या खरेदीला पॅन मागण्याचा नियम २०१६ च्या जानेवारीत आला. तो कायद्याचा भाग. पण रुमालाच्या बिलाला जन्मतारीख कशाला?

ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झालेल्या व्यक्तिगत डिजिटल माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले. मुख्य बंधनांसाठी दीड वर्षाची मुदत आहे. माहिती कोणत्या कामासाठी हवी, हे आधी सांगावे लागेल, आणि ग्राहकाने म्हटल्यास मराठीतून. कामापुरतीच माहिती घेता येईल. सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. सरकारी यंत्रणांना मात्र या कायद्यात सवलती बऱ्याच आहेत, आणि त्यावरची टीका अनाठायी म्हणता येत नाही.

कायदा संगणकातल्या माहितीपुरता आहे. दुकानाच्या माळ्यावर नोकरांच्या, भाडेकरूंच्या आधारप्रतींचे गठ्ठे असतात, ते त्यात बसत नाहीत. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीवाल्याकडे जातात, किलोच्या भावाने.