मुंबई राज्याची वाटणी, धडगावहून पाहिलेली

मोठं राज्य फुटलं की दुसऱ्या दिवशी सगळं नव्याने सुरू होतं, असा समज सर्रास आढळतो. तो तपासायला फुटलेल्या सोव्हिएत संघाच्या मॉस्कोला जायला नको, सातपुड्यातलं धडगाव पुरे. १ मे १९६० ला द्विभाषिक मुंबई राज्य मोडून महाराष्ट्र आणि गुजरात झाले, आणि अक्राणी तालुक्याचं हे ठिकाण महाराष्ट्रात राहिलं.

कायदे मात्र जुनेच. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा दोघांच्याही वाट्याला आला. त्याच कायद्याच्या आधारे गुजरातेत दारू बंद आणि महाराष्ट्रात परवान्याची दुकानं! युक्रेननेही स्वतंत्र झाल्यावर १९७१ ची सोव्हिएत काळातली कामगार संहिताच कित्येक वर्षं चालवली. रोजचा कारभार थांबवता येत नाही, म्हणून जुनंच पुढे ओढावं लागतं.

सीमा भाषेप्रमाणे आखली, हेही अर्धंच खरं. नवापूर, नंदुरबार, तळोदा, अक्कलकुवा या तालुक्यांतली काही गावं गुजरातला गेली. पण या डोंगरपट्ट्यात घराघरांत पावरी आणि भिली भाषा. मराठी की गुजराती, या वादात त्यांना कुणी धरलंच नव्हतं.

सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे वाटणी एकदा झाली की मिटली. नर्मदेवरच्या धरणाचं बघा. धरणाची जागा आणि इकडची नदीकाठची गावं १९६० पर्यंत एकाच राज्यात होती. ५ एप्रिल १९६१ ला नेहरूंनी नवागामला त्याची पायाभरणी केली, तेव्हा गुजरातला वर्षही झालं नव्हतं आणि बुडणारी गावं आता परराज्यातली होती. पाण्याचं हे भांडण मध्य प्रदेशासह लवादाकडे गेलं. निवाडा आला १९७९ मध्ये. महाराष्ट्राला २८ दशलक्ष एकर-फुटांपैकी पाव दशलक्ष पाणी आणि २७ टक्के वीज मिळाली. बुडिताच्या यादीत अक्राणी-अक्कलकुव्याची ३३ गावं. मध्य आशियात तोक्तोगुल धरणावरून हेच चालतं: किर्गिझस्तानला हिवाळ्यात विजेसाठी पाणी सोडायचं असतं, तर खालच्या उझबेकिस्तान-कझाकस्तानला ते उन्हाळ्यात शेतीला हवं. मॉस्को होतं तोवर हा हिशेब वरून ठरायचा.

आणि नवं राज्य म्हणजे सरकार दारात, हा समज धडगावात टिकला नसता. महाराष्ट्र होऊन ३८ वर्षं उलटली तरी कलेक्टर कचेरीचं काम म्हणजे सातपुडा उतरून, तापी ओलांडून धुळं. धडगाव ज्यात येतं तो नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला.