शिलावर्तुळांचे मोल

नागपूरजवळच्या जुनापाणी येथील शिलावर्तुळांविषयी वर्गात बोलणे निघाले, तेव्हा एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, एवढा खटाटोप त्या लोकांना परवडला कसा?" अर्थशास्त्राच्या अध्यापकाला याहून चांगला प्रश्न कोणता हवा?

जुनापाणीला अशी सुमारे 300 वर्तुळे आहेत. मोठमोठ्या शिळांचे कडे, आत माती व गोट्यांची भर, आणि खाली मृताबरोबर पुरलेल्या वस्तू. 1961-62 साली बी. के. थापर यांनी तेथे उत्खनन केले. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील ही दफनस्थळे होत, याविषयी आता वाद नाही. विदर्भातीलच माहूरझरी येथे दफनांत घोड्याचे अवशेष व तांब्याचे अलंकार मिळाले. नैकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. ज्या समाजाजवळ लोखंड आणि घोडे होते, त्याच्याजवळ पोटापुरते भागवून उरणारा वाढावाही होता. तो त्याने मृतांच्या सन्मानासाठी खर्च केला. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर एवढेच.

परंतु दुसरा प्रश्न अजून सुटलेला नाही. काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आहेत. ते ठराविक दिशांनाच येतात, तेव्हा त्यांचा आकाशनिरीक्षणाशी संबंध असावा, असा तर्क टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील अभ्यासकांनी मांडला आहे. तो खरा की खोटा, हे शिळा मूळ जागी असतील तरच ठरेल.

येथेच बाजाराचा हिशेब अपुरा पडतो. दगडाला ब्रासमागे दर मिळतो. त्याच्या जागेला आणि दिशेला दर नाही. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयातील पोसायडनची मूर्ती आपण अभिमानाने दाखवितो. ती ब्रह्मपुरीत सापडली, हे ठाऊक आहे म्हणूनच ती रोमशी असलेल्या व्यापाराची साक्ष देते. ठिकाण विसरले, तर उरेल केवळ धातूचे वजन.

जुनापाणीला कायद्याचे संरक्षण आहे. पण शेतात, माळावर विखुरलेल्या वर्तुळांचे काय? नांगर आणि खाण यांना त्यांची ओळख नाही. गावच्या शिक्षकाने मुलांकडून होकायंत्र व टेप घेऊन आराखडा काढवावा, तलाठ्याने गावनकाशावर खूण करावी. खर्च जवळजवळ शून्य. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपला वाढावा दगडांत गुंतविला. आपण निदान त्याची नोंद तरी ठेवू नये काय?