एक्स्प्लेनर : नसलेल्या देशाचा नकाशा हाताने कसा काढतात? पेन्सिल, शाई आणि थोडा भूगोल

1881 चा उन्हाळा. स्कॉटलंडमधल्या ब्रेमार गावात पाऊस थांबत नव्हता. घरात अडकलेले लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन सावत्र मुलासोबत चित्रं काढत बसले आणि त्यातून एका बेटाचा नकाशा तयार झाला. नकाशा बघता बघता कथा सुचली. 'ट्रेझर आयलंड' या कादंबरीची सुरुवात अशी झाली.

असे काल्पनिक नकाशे आजही अनेक जण हौसेने काढतात. सॉफ्टवेअर काही सेकंदांत अख्खा खंड तयार करून देत असताना हाताने काढण्यात काय आहे? समजून घेऊया.

पेन कोणतं लागतं?

बारीक टोकाचं, पिगमेंट शाईचं. ही शाई वाळली की पाण्याने पसरत नाही. पेनावरचे आकडे मात्र फसवे असतात. साकुरा कंपनीच्या पिग्मा मायक्रॉन पेनांत 005 म्हणजे 0.20 मिमी, 01 म्हणजे 0.25 मिमी आणि 05 म्हणजे 0.45 मिमी रेषा. किनारा जाड पेनाने, नद्या आणि झाडं बारीक पेनाने काढायची. सुरुवातीला दोन पेनं पुरतात. कागद गुळगुळीत आणि जाडसर हवा, नाहीतर शाई फुटते.

नदी कुठून कुठे जाईल?

नवख्यांची चूक हमखास इथे होते. नदी उंचावरून उताराकडे वाहते. वाटेत तिला उपनद्या येऊन मिळतात. ती स्वतः फुटते ती बहुधा मुखाजवळच्या त्रिभुज प्रदेशात. समुद्र जवळ आहे म्हणून ती तिकडेच वळेल असंही नाही. आपली गोदावरीच घ्या. त्र्यंबकेश्वरला उगम, तिथून अरबी समुद्र सुमारे 80 किमीवर. तरीही ती सुमारे 1,465 किमी वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, कारण उतार पूर्वेकडे आहे.

पावसाचंही तसंच. सह्याद्री ढग अडवतो म्हणून कोकण हिरवं आणि माणदेश कोरडा. तुमच्या नकाशात वारा कुठून येतो हे ठरवलं, की जंगल कुठे आणि माळरान कुठे हे आपोआप ठरतं. नदीकाठी शहर, खिंडीत किल्ला, खाडीच्या तोंडाशी बंदर. गोष्ट इथेच सुरू होते.

काढण्याचा क्रम काय?

- आधी सगळं हलक्या पेन्सिलीने काढा. नावांची जागाही तेव्हाच राखा, नाहीतर अक्षरं झाडांवर चढतात.
- प्रमाण ठरवा. उदा. 1 सेमी म्हणजे एका दिवसाची चाल, साधारण 25 किमी.
- शाईने पुढचे डोंगर आधी, मागचे नंतर. म्हणजे रेषा एकमेकींत घुसत नाहीत.
- उजेड डावीकडून धरला तर सगळ्या डोंगरांची सावली उजवीकडेच.
- उतार दाखवणाऱ्या बारीक रेघा उताराच्या दिशेनेच ओढा. चढ तीव्र तिथे रेघा दाट.
- देवनागरीत नदीचं नाव लिहिताना शिरोरेषा नदीच्या वळणाने न्या. वेलांटी आणि उकारासाठी वर-खाली जागा सोडा.
- शाई पूर्ण वाळल्यावरच खोडरबर.

चूक झाली तर?

इथे 'अनडू' नाही. इंजिनीअरिंग ड्रॉइंगची शीट एका ओघळाने वाया गेलेल्यांना हे सांगायला नको. पण नकाशात डागाचं बेट होतं, हललेल्या रेषेची खाडी होते. मग त्या बेटाला नाव द्यावं लागतं, तिथे कोण राहतं हे ठरवावं लागतं.

मग हातानेच का?

उत्तर स्टीव्हन्सन यांच्याच अनुभवात आहे. पुस्तकासाठी प्रकाशकाकडे पाठवलेला त्यांचा मूळ नकाशा हरवला. मग कादंबरीतला प्रत्येक उल्लेख तपासत, त्यांना जुळेल असा नकाशा नव्याने काढावा लागला. 1883 च्या पुस्तकात तोच छापला गेला. त्यात गलबतं होती, खजिनाही होता. तरी तो आपला 'ट्रेझर आयलंड' आहे असं स्टीव्हन्सन यांना कधीच वाटलं नाही. पहिल्या नकाशाने त्यांना गोष्ट दिली होती. दुसरा फक्त गोष्टीबरहुकूम होता.

सॉफ्टवेअर नकाशा देतं. पण नदी इकडे वळवायची की तिकडे, हा विचार पेन हातात असतानाच करावा लागतो. एक कोरा कागद घ्या आणि किनाऱ्यापासून सुरुवात करा.