नव्या पुंगळीची पारख : एक मागोवा

इसवी सनाच्या सहाव्या शतकात हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांची हकीकत लिहून ठेवणारा अलेक्झांड्रियाचा व्यापारी कॉस्मस याने कल्याणहून परदेशी जाणाऱ्या मालात तांब्या-पितळेचा उल्लेख आवर्जून केला आहे. त्यानंतर सुमारे चौदा शतकांनी, त्याच कल्याणच्या पलीकडे, शिलाहारांच्या १०६० सालच्या शिवालयामुळे ख्यात असलेल्या अंबरनाथ येथे, दारूगोळ्याला लागणारे पितळ आणि इतर अलोह धातू घडविणारी सरकारी आयुध निर्माणी उभी राहिली, आणि ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कितीतरी घरांची चूल तिच्या पगारावर पेटू लागली. या पितळेची कठोर परीक्षा घेणारी वस्तू म्हणजे बंदुकीच्या काडतुसाची पुंगळी. ती नवी असली म्हणजे निर्दोष असतेच, हा समज गेल्या दीडशे वर्षांत किती वेळा खोटा ठरला आणि प्रत्येक वेळी त्यातून कोणता धडा मिळाला, याचा मागोवा घेणे अगत्याचे आहे.

पुण्याजवळ खडकीचा दारूगोळ्याचा कारखाना १८६९ साली स्थापन झाला, तेव्हा कागदी काडतुसांचे युग नुकतेच सरत होते आणि पातळ पितळी पत्र्याची गुंडाळी करून केलेली पुंगळी हीच नवलाई समजली जात होती. ही नवलाई १८८५ मध्ये सुदानच्या रणांगणावर उघडी पडली. तापलेल्या मार्टिनी-हेन्री बंदुकांत पुंगळ्या अडकून बसल्या, आणि ऐन हातघाईच्या प्रसंगी शिपायांना निरुपयोगी शस्त्र हाती धरून उभे राहावे लागले. गुंडाळलेल्या पत्र्याची जागा मग अखंड धातूतून ओढून काढलेल्या पुंगळीने घेतली.

ही ओढाई म्हणजे धातुविद्येतील एक नाजूक प्रकरण आहे. सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त अशा पितळेच्या पट्टीतून चकती कापावयाची, तिचा पेला करावयाचा, तो पेला साच्यांतून पुनःपुन्हा ओढून लांबवावयाचा, प्रत्येक ओढीने कठीण झालेला धातू सहाशे अंशांच्या सुमारास तापवून पुन्हा मऊ करावयाचा, आणि अखेरीस बूड कठीण व मान मवाळ राहील अशा बेताने तिला अंतिम आकार द्यावयाचा, असा हा क्रम. बार उडताना दर चौरस सेंटिमीटरला तीन हजार किलोग्रॅमांहून अधिक दाब सोसून पुंगळीने क्षणभर नळीच्या भिंतीला घट्ट बिलगावे आणि लगोलग आकसून सुटी व्हावी, ही अपेक्षा या क्रमातील एकाही पायरीवर हयगय झाली तरी फोल ठरते.

या क्रमातील सर्वांत गूढ दोष उजेडात आला तो आपल्याच पावसाळ्यामुळे. ब्रिटिश अमदानीत हिंदुस्थानातील छावण्यांत साठविलेली, कारखान्यातून धडधाकट निघालेली काडतुसे पावसाळ्याच्या महिन्यांत एकही गोळी न झाडता आपोआप तडकू लागली. घोड्यांच्या पागांजवळचा अमोनिया, दमट हवा आणि ओढाईच्या वेळी धातूच्या अंगात कोंडून राहिलेला ताण या तिघांच्या संगनमताने पितळ फाटते, हे मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या संशोधकांनी १९२१ साली सविस्तर सिद्ध केले. ‘सीझन क्रॅकिंग’ या नावाने तो विकार धातुशास्त्राच्या दफ्तरी कायमचा नोंदला गेला. उपायही साधा निघाला : तयार पुंगळी २५० अंशांच्या आसपास मंदपणे तापवून तिच्या अंगातला ताण उतरविणे, आणि त्याची रुजुवात करण्यासाठी नमुन्याच्या पुंगळ्या पाऱ्याच्या नायट्रेटच्या द्रावणात बुडवून त्या तडकतात की नाही हे पाहणे. वर्षातील चार महिने ओल्या हवेत राहणाऱ्या आपल्या कोकणपट्टीला या शोधाचे मोल निराळे सांगावयास नको.

स्वातंत्र्यानंतर, विशेषतः १९६२ च्या चीनबरोबरच्या युद्धानंतर, जुन्या .३०३ बंदुकीच्या जागी ७.६२ मिलिमीटरची बंदूक सैन्याच्या हाती आली. १९६४ मध्ये भुसावळजवळ वरणगाव येथे नवा कारखाना निघाला. पुढे शतकाच्या अखेरीस ५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ रुजू झाली. पुंगळी जसजशी लहान होत गेली तसतशी चुकीला उरलेली जागाही आकुंचित होत गेली, कारण अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असलेल्या मानेत एका बाजूचा धातू किंचित जाड राहिला तरी गोळी नळीच्या अक्षापासून ढळलेली बसते आणि नेम चुकतो.

नव्या, कोऱ्या पुंगळ्यांची मूठभर रास भिंग घेऊन पाहिली, तर हे दोष प्रत्यक्ष दिसतात. एखादीचे तोंड पेटीतल्या धक्क्याने चेपलेले असते. एखादीच्या बुडातील ठिणगीचे छिद्र मध्यापासून सरकलेले, किंवा त्याच्या आतल्या काठाला धातूची कुसळे राहिलेली असतात. एखादीच्या अंगावर घडीसारखी बारीक रेघ दिसते, जिची पहिल्याच बाराला चीर होण्याची शक्यता असते. आणि बुडातील, दारू पेटविणाऱ्या टोपीचे घर सैल असेल तर टोपी धड बसतच नाही. मानेवर दिसणारी निळसर-तपकिरी झाक मात्र दोष समजू नये. मान मऊ केल्याची ती खूण होय. अमेरिकेसारख्या देशांत पुंगळ्या पुनःपुन्हा भरून वापरणारे नेमबाज नव्या मालाचेही वजन करून प्रतवारी लावतात, तोंडाचे काठ साफ करतात, छिद्रे तपासतात, आणि मगच दारू भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने परवान्याविना काडतुसे तयार करणे निषिद्ध असल्यामुळे हा छंद रुजला नाही. परिणामी ग्राहकाकडून होणारी ही तपासणीही येथे नाही, आणि पारखीचा सारा भार निर्मात्यावर आणि सरकारी तपासनिसावर पडतो.

हा भार वाहण्याची रीत १ ऑक्टोबर २०२१ पासून बदलली आहे. त्या दिवशी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याचे ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. अंबरनाथची आयुध निर्माणी नागपूरच्या यंत्र इंडियाकडे, तर खडकी व वरणगाव पुण्याच्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पूर्वी धातू घडविणारा आणि काडतूस भरणारा एकाच मंडळाच्या छत्राखाली असत. आज त्यांचे ताळेबंद वेगळे आहेत. उद्या एखादी पुंगळी तडकली, तर दोष मूळ पितळेचा, ओढाईचा, की साठवणीचा, हा जाबसाल दोन कंपन्यांमध्ये रंगण्याचा धोका यात आहे, आणि तो टाळण्याचा मार्ग एकच आहे : पट्टीच्या प्रत्येक घाण्यापासून भरलेल्या पेटीपर्यंतची नोंद अखंड राखणे, आणि तपासनीस उत्पादनाच्या उद्दिष्टाला बांधलेला नसून स्वतंत्र असणे.

सुदानातील गुंडाळीच्या पुंगळ्या आणि छावण्यांतील तडकलेला साठा यांचा दोष कारखान्याच्या दारातून बाहेर पडल्यावर, वापरणाऱ्याच्या हातात उघड झाला, आणि त्याची किंमतही वापरणाऱ्यानेच मोजली. म्हणून आपल्या ठाणे जिल्ह्यातील निर्माणीच्या कामगारांना, त्यांच्या अधिकाऱ्यांना आणि या कंपन्यांच्या संचालकांना एवढेच कळकळीचे सांगणे आहे, की महिन्याचा आकडा गाठण्यासाठी ताण उतरविण्याच्या भट्टीची वेळ आणि नमुन्याची परीक्षा यांत कधीही काटकसर करू नये. सीमेवरील शिपायाला आपल्या हातातील पुंगळी तपासून पाहण्याची सवड नसते.