लाल ठिपका दाबून पाहा

गणपती उठले की कोल्हापुरातल्या लॅबच्या काउंटरवर एकच प्रश्न ऐकू येतो, “पेशी किती आल्या?” पेशी म्हणजे प्लेटलेट, रक्तस्राव थांबवणारे रक्तातले कण. डेंग्यूचे दिवस. पोटरीवर बारीकसा लाल ठिपका दिसला, तरी माणसं सीपीआर रुग्णालयाच्या रांगेत उभी. एरवी वर्षभर तसाच ठिपका दिसला तर ‘उष्णता झाली’, ‘पित्त उठलं’ म्हणून आमसूल चोळून विषय संपतो. जुन्या माणसांना अंगावर काहीही उठलं की शेंडा पार्कचं कुष्ठधाम आठवतं. खरं तर कुष्ठरोगाचा चट्टा मोठा, फिकट किंवा तांबूस आणि बहुधा बधिर असतो. बारीक ठिपक्यांशी त्याचा संबंध नाही.

या सगळ्याआधी करायची गोष्ट बिनखर्चाची आहे. काचेचा पेला ठिपक्यावर दाबून धरायचा आणि काचेतून पाहायचं. लाली गेली, तर रक्त अजून केशवाहिन्यांच्या आतच आहे. वाहिन्या फुगल्या होत्या, दाबामुळे रक्त बाजूला सरकलं. पित्ताच्या गांधी, घामोळं, तापातलं बरंचसं पुरळ यातच मोडतं. लाली तशीच राहिली, तर तांबड्या पेशी वाहिनीबाहेर सांडल्या आहेत. अशा बारीक ठिपक्यांना डॉक्टर ‘पेटेकिया’ म्हणतात. मग गळती कशामुळे, हा प्रश्न उरतो. प्लेटलेट कमी पडल्या, वाहिनीची भिंत सुजली, की नुसताच दाब वाढला? डांग्या खोकल्याच्या उबळीनं किंवा जोराच्या उलट्यांनी चेहऱ्यावर असे ठिपके येतात. बाकी बहुतेक वेळा ते पायांवर दिसतात, कारण उभ्या माणसाच्या रक्ताचा भार तिथं सर्वांत जास्त.

काचेला चकवणारा एक प्रकार आहे : लाल तीळ. तिशीनंतर पोटावर, छातीवर येणारा हा गर्द लाल, किंचित उंच ठिपका दाबल्यावर पुरता जात नाही. पण तो केशवाहिन्यांचा निरुपद्रवी गुंता असतो. लंडनचे शल्यविशारद कॅम्पबेल डी मॉर्गन यांनी १८७२ मध्ये त्याचा संबंध कर्करोगाशी जोडला. तो अंदाज खोटा ठरला, ठिपक्याला त्यांचं नाव मात्र चिकटलं.

“सगळे रिपोर्ट नॉर्मल, मग हे काय?” असं विचारणाऱ्यांपैकी काहींच्या नडगीवर लाल तिखट भुरभुरल्यासारखे ठिपके असतात. फिलाडेल्फियाच्या जे फ्रँक शॅम्बर्ग यांनी १९०१ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. इंग्रजी ग्रंथांतही मिरचीपुडीचीच उपमा आहे, ती कोल्हापूरकरांना वेगळी समजावायला नको. सांडलेल्या रक्तातलं लोह कातडीत उरतं आणि डाग तपकिरी होतात. धोका नाही, नेमकं कारणही बहुधा सापडत नाही. डॉक्टरांनी हे सरळ सांगावं, असं मला वाटतं. ‘काही नाही हो’ एवढ्यानं माणूस दुसरा दवाखाना शोधतो.

प्लेटलेटची गोष्ट जास्त रंजक. त्या दीड ते साडेचार लाख असाव्यात. लाखाखाली गेल्या की घरचे हादरतात, पण एवढ्यानं सहसा ठिपके उठत नाहीत. काही रुग्णांत मात्र त्या कारणाशिवायच तळाला जात. १९५० मध्ये अमेरिकेत सेंट लुईसच्या विल्यम हॅरिंग्टन या तरुण डॉक्टरनं अशा रुग्णाचं रक्त स्वतःच्याच शिरेत घेतलं. काही तासांत त्याच्या प्लेटलेट कोसळल्या, झटका आला. काही दिवसांनी तो सावरला. प्लेटलेट नष्ट करणारं काहीतरी रुग्णाच्या रक्तातच आहे, हे त्यातून दिसलं. पुढं ती प्रतिपिंडं ठरली. आज असा प्रयोग करायला कुठलीही समिती परवानगी देणार नाही.

उलट, कधी आकडाच फसवतो. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून ईडीटीए असतं. काहींच्या प्लेटलेट त्यात एकमेकींना चिकटतात आणि यंत्र त्या कमी मोजतं. ना ताप, ना ठिपके, आणि आकडा चाळीस हजार आला, तर काचपट्टीवर रक्त पसरून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सांगावं.

डेंग्यूतही पेशींच्या आकड्यावर सगळी नजर खिळते आणि पपईच्या पानांचा रस सुरू होतो. त्या रसाबद्दलचा पुरावा तोकडा आहे. खरा धोका ताप उतरतानाच्या एक-दोन दिवसांत असतो, कारण तेव्हा रक्तातला द्रव वाहिन्यांतून पाझरतो आणि रक्तदाब पडतो. पोटात दुखणं, सतत उलट्या, ग्लानी, हातपाय गार पडणं ही लक्षणं दिसली, तर आकड्याची वाट पाहू नये. ताप आणि काचेखाली न जाणारे ठिपके एकत्र दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. मूल मलूल असेल तर तासाचाही उशीर नको.

ताप नसलेल्या मुलाच्या पायांवर आणि कुल्ल्यांवर हाताला लागणारे लाल ठिपके उठले, सोबत पोट किंवा सांधे दुखत असतील, तर बऱ्याचदा ती केशवाहिन्यांची सूज असते. अनेकदा आधी घसा धरलेला असतो. ठिपके काही आठवड्यांत जातात, तरी लघवीची तपासणी सहा महिने अधूनमधून करावी लागते, कारण यात मूत्रपिंडाला झालेली इजा दुखत नाही आणि कधी कधी ठिपके गेल्यानंतरच सुरू होते.