रात्रभराची रिले आणि पहाटेचे चार

शाळेच्या क्रीडास्पर्धांत ४ × १०० मीटरची रिले दरवर्षी होते आणि मिनिटभरात संपते. हीच कल्पना ताणून दिवसरात्र चालू ठेवली तर? जपानमध्ये १९१७ साली क्योतो ते टोकियो अशी सुमारे ५०० कि.मी.ची रिले झाली. तिकडे अशा शर्यतींना एकिदेन म्हणतात. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यात १९८२ साली सुरू झालेली ‘हूड टू कोस्ट’ ही त्याच जातीची. हूड पर्वतावर सुमारे १,८०० मीटर उंचीवर सुरू होऊन ती पॅसिफिकच्या वाळूत संपते. अंतर सुमारे ३२० कि.मी., संघात बारा गडी, टप्पे ३६. प्रत्येकाने तीनदा धावायचे. सहा-सहा जण दोन गाड्यांत बसतात. एका गाडीचे सहा टप्पे संपले की दुसरीची पाळी.

२०१२ सालच्या ऑगस्टअखेरीस प्रयोगशाळेतले काही मित्र, त्यांचे शेजारी आणि आम्ही तिघे मराठी अशा संघाने ही शर्यत धावली. आमच्यात खेळाडू म्हणावा असा कोणीच नव्हता.

वेळेचा पहिला अंदाज आम्ही चुकीचा बांधला. बाराही जणांच्या वेगांची सरळ सरासरी काढली होती. गणिताच्या शिक्षकांना चूक लगेच कळेल: दोघे सारखेच अंतर धावले, एक ताशी १० कि.मी. आणि दुसरा ताशी १५ कि.मी. वेगाने, तर सरासरी वेग १२.५ नव्हे, १२ येतो. हळू धावणारा रस्त्यावर जास्त वेळ असतो ना! सुधारलेला हिशोब ३० तासांचा आला. म्हणजे टप्प्याला सरासरी ५० मिनिटे.

सगळ्यांना धास्ती होती ती शक्ती पुरण्याची. ती अनाठायी होती. ६० किलो वजनाच्या माणसाला १ कि.मी. धावायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात, आणि वेग कमी-जास्त केला तरी हा आकडा फारसा बदलत नाही. तीन टप्पे मिळून सुमारे २७ कि.मी., म्हणजे १,६०० किलोकॅलरी. स्नायू आणि यकृत मिळून साधारण ५०० ग्रॅम ग्लायकोजेन साठवतात. ग्रॅमला ४ प्रमाणे २,००० किलोकॅलरी झाल्या. चरबी निराळीच. शिवाय दोन टप्प्यांच्या मध्ये नऊ तास मिळतात आणि खाणेपिणे नीट असले तर ग्लायकोजेनचा साठा तासाला साधारण ५ टक्के भरून येतो. इंधन संपत नाही.

मग संपते काय? पहिल्या गड्याचे पाय संपले. पहिल्या टप्प्यातच रस्ता सुमारे ६०० मीटर खाली उतरतो आणि आमचा मित्र उतार पाहून सुसाट सुटला. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू आकुंचन पावत असतानाच ताणला जातो, आणि त्यात त्याच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. दुखणे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शिगेला पोहोचते. हे लॅक्टिक आम्लामुळे होते असे अजूनही वर्गात सांगितले जाते, पण ते आम्ल तास-दीड तासात निघून गेलेले असते. आदल्या महिन्यात दोन-चार वेळा उतार धावण्याचा सराव केला असता तर त्रास बराच कमी झाला असता.

पण खरी गोष्ट झोपेची. आमची गाडी शुक्रवारी सकाळी ६ ते ११, दुपारी ४ ते रात्री ९ आणि पुन्हा रात्री २ ते सकाळी ७ अशी रस्त्यावर होती. मधले पाच तास विश्रांतीचे वाटतात. त्यातून पुढच्या ठाण्यापर्यंतचा प्रवास, जेवण आणि शौचालयापुढची रांग वजा केली की झोपेला उरतात जेमतेम दोन तास.

शनिवारी पहाटे चारच्या सुमारास मिस्ट नावाच्या वस्तीच्या पुढे, डोंगरातल्या अरुंद रस्त्यावर आमची गाडी चालली होती. तिसरा गडी मागे धावत होता आणि चौथ्याला पुढच्या ठाण्यावर सोडायचे होते. एकाएकी चाकाखाली कडेची खडी करकरली. चालवणारा मित्र दचकून म्हणाला, ‘‘काय झालं?’’ आपला डोळा लागला होता हे त्याचे त्यालाच माहीत नव्हते.

असल्या डुलक्या काही सेकंदांच्या असतात. ताशी ८० कि.मी. वेगाने जाणारी गाडी ३ सेकंदांत ६७ मीटर जाते. आणि त्याच रस्त्याच्या कडेने माणसे धावत होती.

मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमध्ये, सुमारे २० हजार चेतापेशींचा एक पुंजका आपले जैविक घड्याळ चालवतो. शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत खाली असते आणि सावधपणाही तेव्हाच तळ गाठतो. त्यात जागरणाची भर पडते. डॉसन आणि रीड या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९९७ साली ‘नेचर’मध्ये दाखवून दिले की सलग १७ तास जागलेल्या माणसाचे हातडोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके बिघडते. २४ तासांनंतर ते ०.१० टक्क्यांइतके. आपल्या देशात वाहनचालकाला मर्यादा ०.०३ टक्के आहे. सहलीची बस रात्रीची ठरवताना मुख्याध्यापकांनी हे आकडे जरूर डोळ्यांपुढे ठेवावेत.

दुसरा कोणी चालवायला घ्यावा, तर सगळे त्याच अवस्थेत. गाडी आम्ही आडवाटेला घेतली, गजर लावून वीस मिनिटे झोपलो आणि नंतर पंधरा मिनिटे नुसते बसून राहिलो. झोपेतून उठल्याबरोबर मेंदू काही काळ मंदच असतो. त्या वेळात चाक हाती घेणे हीही चूकच. तेवढ्यात तिसरा गडी आमची गाडी न दिसता पुढे निघून गेला. तो ठाण्यावर पोहोचला तेव्हा त्याच्यापुढे कोणीच नव्हते आणि मोबाइलला संपर्क नव्हता. घामाने भिजलेला तो बावीस मिनिटे गारठ्यात उभा राहिला. आम्ही दिसल्यावर तो जे बोलला ते येथे छापण्याजोगे नाही. कारण ऐकल्यावर मात्र गप्प झाला.

वसतिगृहातील विद्यार्थ्यांना याची साधी चाचणी घेता येईल. एकाने फूटपट्टी उभी धरून न सांगता सोडावी, दुसऱ्याने बोटांत पकडावी. पट्टी २० सें.मी. घसरली तर प्रतिसादाचा वेळ ०.२ सेकंद, ३० सें.मी. घसरली तर सुमारे ०.२५ सेकंद. सकाळी दहाला आणि रात्री झोपण्यापूर्वी वीस-वीस वेळा करून सगळे आकडे लिहून ठेवावेत. नुसती सरासरी पाहू नये. झोपाळलेला माणूस बहुतेक वेळा पट्टी नेहमीप्रमाणेच पकडतो, पण मध्येच एखाद्या वेळी ती सबंध हातातून निसटते. अपघात त्या एका वेळी होतो.

आम्ही ३० ऐवजी ३१ तास २० मिनिटांनी किनाऱ्यावर पोहोचलो. पुढच्या वर्षी प्रत्येक गाडीला न धावणारा एक चालक घेतला. तो आदल्या दिवशी दुपारीही झोपून आला होता.