माळ्यावर जुनी रायफल सापडली तर?

.303 ली-एनफिल्ड दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या खांद्यावर होती. बंगालमधल्या ईशापूर कारखान्यातही ती घडली. लष्करी काडतूस झाडणारी म्हणून ती प्रतिबंधित बोअरमध्ये मोडते. तिचा परवाना केंद्र सरकारच्या अखत्यारीत. इतर परवान्यांसाठी ठाणे, कल्याण, डोंबिवलीकरांनी ठाणे पोलीस आयुक्तालय गाठावे. शस्त्र कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच बंदुका ठेवता येतात, वारशाने आलेल्या धरून. डागडुजी करूनही न चालणारे पुरातन शस्त्र मात्र शस्त्र कायदा, १९५९च्या कलम ४५नुसार वगळलेले आहे. निगा राखायची तर लाकडी दस्त्याला जवसाचे तेल पुरते. सँडपेपर मुळीच नको: कारखान्याचे शिक्के पुसले, की बंदुकीचा इतिहासच गेला. परवान्याविना सापडलेले शस्त्र लपवू नका, आधी पोलिसांना कळवा.